पीण्याचे ओढे आणि पालिकेची तिजोरी

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत वसलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र हे देशातील लघुउद्योगांच्या प्रमुख केंद्रांपैकी एक मानले जाते. १९७० च्या दशकात राज्य सरकारच्या यंत्रणांनी येथे भूखंड पाडले आणि पाहता पाहता यंत्रांचे सुटे भाग, धातूंवर मुलामा चढविणे, विजेची उपकरणे, तयार कपडे अशा नाना उद्योगांचे हजारो लहानमोठे कारखाने उभे राहिले. उत्तर कर्नाटकातून, आंध्रातून, तमिळनाडूतून, पुढे ओरिसा-बिहारमधून आलेल्या कामगारांनी ही वसाहत आपल्या श्रमाने उभी केली. शेजारच्याच जलहळ्ळीच्या परिसरात हिंदुस्थान मशीन टूल्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सार्वजनिक क्षेत्रातील कारखाने होते. १९८०-८१ साली बंगळूरच्या सार्वजनिक क्षेत्रातील कामगारांनी केलेला ७७ दिवसांचा संप ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या भागाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. १९ एप्रिल २०१६ रोजी भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या नियमाविरुद्ध तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही जलहळ्ळी चौक हे त्या लढ्याचे एक ठाणे होते. केंद्र सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला.

आज याच पीण्यापुढे एक वेगळा प्रश्न उभा आहे. वरवर पाहता तो अभियंत्यांचा आणि हिशेबनिसांचा वाटतो, म्हणून कामगार चळवळीत त्याची चर्चा फारशी होत नाही. बदलत्या हवामानाचे तडाखे सोसण्यासाठी शहरांनी आपले ओढे, तलाव, पाणथळ जागा आणि वृक्षराजी सावरली पाहिजे, हे आता सर्वमान्य झाले आहे. परंतु त्यासाठी लागणारा पैसा स्थानिक स्वराज्य संस्थांनी आणायचा कोठून, तो कोणाच्या खिशातून यायचा आणि त्याचा लाभ कोणाला मिळायचा, हे मात्र अद्याप ठरलेले नाही. हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून कष्टकरी जनतेला चालणार नाही.

ओढ्याचे काम आणि त्याची किंमत

बंगळूर हे नदीकाठी वसलेले शहर नाही. ते उंचवट्यावर आहे आणि तेथून पाणी दोन दिशांना वाहते, एकीकडे अर्कावतीच्या आणि दुसरीकडे दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यात. पूर्वीच्या पिढ्यांनी ही भूरचना ओळखून तलावांची साखळी बांधली होती. वरचा तलाव भरला की जादा पाणी ओढ्यातून खालच्या तलावात उतरे. या ओढ्यांना तेथील लोक राजकालुवे म्हणतात. पावसाचे पाणी थोपवणे, जमिनीत मुरवणे, गाळ खाली बसू देणे आणि उन्हाळ्यापर्यंत पाणी राखून ठेवणे, ही सारी कामे ही साखळी यंत्राशिवाय आणि विजेशिवाय करीत असे. आजच्या शासकीय परिभाषेत यालाच 'नैसर्गिक पायाभूत सुविधा' असे भारदस्त नाव मिळाले आहे.

या सुविधेची किंमत किती, हे कोलकात्याच्या उदाहरणावरून कळते. त्या शहराच्या पूर्वेकडील सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ प्रदेशात शहराचे सांडपाणी मत्स्यतळ्यांतून फिरते, उन्हाने व शेवाळाने शुद्ध होते आणि त्याच पाण्यावर मासळी व भाजीपाला पिकतो. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने आयुष्यभर या व्यवस्थेचा अभ्यास केला आणि २००२ साली तिला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळाले. सांडपाणी शुद्ध करणारी अवाढव्य यंत्रकेंद्रे बांधण्याच्या खर्चातून कोलकाता वाचले, ते तेथील मच्छीमारांच्या आणि शेतकऱ्यांच्या श्रमामुळे.

बंगळुरात नेमके उलट घडले. भारतीय विज्ञान संस्थेतील टी. व्ही. रामचंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९७३ पासूनच्या अर्धशतकात शहरातील जलाशयांचे क्षेत्र सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. पीण्याच्या बाबतीत या ऱ्हासात विषाची भर पडली. धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांतून बाहेर पडणारे क्रोमियम येथील भूजलात उतरले असल्याचे शासकीय भूजल तपासण्यांतून पुढे आले आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा पीण्याची गणना तीव्र प्रदूषित क्षेत्रांत झाली. येथील सांडपाणी वृषभावतीच्या खोऱ्यात उतरते, वृषभावती बैरमंगलच्या तलावात जाते, पुढे अर्कावतीला मिळते आणि अर्कावती कावेरीला. म्हणजे पीण्याच्या नाल्यात जे सोडले जाते, त्याचा भोग बैरमंगलच्या शेतकऱ्यालाही भोगावा लागतो.

नुकसान कोणाचे मोजले जाते

सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या पूर्वेकडील भाग पाण्याखाली गेला. बाह्यवळण रस्त्यावरील संगणक कंपन्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून एका दिवसाच्या पावसाने २२५ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे कळविले. ती बातमी देशभर गाजली. त्यानंतर दीड वर्षाने, मार्च २०२४ मध्ये, शहर पाण्यावाचून तडफडू लागले. दररोजच्या २,६०० दशलक्ष लिटर गरजेपैकी ५०० दशलक्ष लिटरची तूट असल्याचे आणि शहरातील सुमारे १४,००० सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितले. टँकरचे भाव इतके चढले की बारा हजार लिटरच्या टँकरला पाच किलोमीटरच्या आत १,००० रुपये असा दर सरकारला बांधून द्यावा लागला.

पूर आणि टंचाई ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत. जे पाणी पावसाळ्यात मुरवता आले नाही, तेच उन्हाळ्यात विकत घ्यावे लागते. परंतु या नुकसानीचा हिशेब सर्वांसाठी सारख्या पद्धतीने मांडला जात नाही. कंपनीचा बुडालेला दिवस कोटींच्या आकड्यात मोजला जातो. पीण्यातील छोट्या कारखान्यात गुडघाभर पाणी शिरून यंत्र बंद पडते, रोजंदारीवरच्या कामगाराची मजुरी बुडते, तयार कपड्यांच्या कारखान्यातील स्त्री भाड्याच्या एका खोलीत पहाटे उठून पाण्याच्या रांगेत उभी राहते आणि कामावर उशिरा पोचल्याने तिचा पगार कापला जातो. या नुकसानीची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. ज्याचे नुकसान मोजले जात नाही, त्याच्यासाठी योजनाही आखली जात नाही. हवामानासाठीच्या निधीची चर्चा करताना हे मूलभूत सत्य प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

तिजोरी रिकामी का

आता पैशाकडे वळू. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नोंदले गेले. त्यांत पाणीपुरवठा आहे, शहरी वनीकरण आहे, पर्यावरणाचे रक्षणही आहे. जबाबदाऱ्यांची यादी अशी लांबलचक, परंतु त्या पार पाडण्यासाठी लागणारे कर मात्र नगरपालिकांच्या हाती आले नाहीत. उलट जे होते तेही गेले. महाराष्ट्रात जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईची जकातही संपली. नुकसानभरपाई मिळते, पण ती राज्य सरकारच्या हातून. वस्तू व सेवा कराच्या रचनेत नगरपालिकेचा स्वतःचा असा वाटाच ठेवलेला नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतातील नगरपालिकांचा महसूल व खर्च दशकभराहून अधिक काळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्क्यावर अडकून पडला. ब्राझीलमध्ये हे प्रमाण ७.४ टक्के आणि दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के होते. राज्यांची स्थितीही वेगळी नाही. केंद्र सरकार जे अधिभार आणि उपकर बसवते, त्यांत राज्यांना वाटा नसतो. वाटून घ्यायच्या करांतील कर्नाटकाचा हिस्सा चौदाव्या वित्त आयोगाने ४.७१३ टक्के ठरविला होता, तो पंधराव्या आयोगाने ३.६४७ टक्क्यांवर आणला. केंद्र राज्याचे आखडते आणि राज्य नगरपालिकेचे आखडते, अशी ही उतरंड आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात सात मोठ्या शहरांतील पूरनिवारणासाठी २,५०० कोटी रुपये राखून ठेवले. मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना प्रत्येकी ५०० कोटी आणि बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद व पुणे यांना प्रत्येकी २५० कोटी. पाच वर्षांसाठी एका महानगराला २५० कोटी, आणि बाह्यवळण रस्त्यावरील कंपन्यांचे एका दिवसाचे नुकसान २२५ कोटी! या दोन आकड्यांवर वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

तिजोरी रिकामी असण्याचे दुसरे कारण अधिकारांच्या विभागणीत आहे. पीण्याचे भूखंड पाडले औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाने, पाणी देते १९६४ साली स्थापन झालेले पाणीपुरवठा मंडळ, शहराचा आराखडा करीत असे विकास प्राधिकरण, सांडपाण्यावर देखरेख ठेवते प्रदूषण नियंत्रण मंडळ. ही सारी राज्य सरकारची अंगे आहेत. नगरपालिकेच्या वाट्याला उरतो तो तुंबलेला नाला. त्यातच बंगळूर महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढील पाच वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिचे पाच महानगरपालिकांत विभाजन झाले, त्या वेळीही कारभार प्रशासकांच्याच हाती होता. मुंबईचे सभागृहही मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ रिकामे राहिले. नगरसेवकच नसेल तर नाल्याच्या खर्चाचा जाब विचारायचा कोणाला?

कर्जरोख्यांचा मार्ग

अशा स्थितीत नगरपालिकांना एक मंत्र दिला जातो: बाजारातून पैसा उभारा. जागतिक बँकेने २०२२ साली अंदाज मांडला की भारतीय शहरांना पुढील पंधरा वर्षांत ८४० अब्ज डॉलर लागतील आणि खाजगी व्यापारी स्रोतांतून यायचा पैसा तेव्हा अवघा पाच टक्के होता. तो वाढवावा, हे त्यामागील सूचन. केंद्र सरकारनेही कर्जरोखे काढणाऱ्या शहरांना प्रत्येक १०० कोटींमागे १३ कोटी रुपयांचे प्रोत्साहन देऊ केले. पुण्याने २०१७ साली पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले. गाझियाबादने २०२१ साली १५० कोटींचे आणि इंदूरने २०२३ साली २४४ कोटींचे 'हरित' रोखे काढले.

या बाबतीत बंगळूर कोणाच्या मागे नव्हते. भारतातील पहिले नगरपालिका रोखे १९९७ साली बंगळूरनेच काढले, १२५ कोटी रुपयांचे, राज्य सरकारच्या हमीवर. आणि २००५ साली पीण्याचा थेट संबंध असलेला प्रयोग झाला. बंगळूरभोवतीच्या आठ लहान नगरपालिकांना स्वतंत्रपणे बाजारात कोणी उभे केले नसते. म्हणून त्यांची मोट बांधून राज्य सरकारने एक सामायिक निधी काढला आणि त्याच्या नावे १०० कोटींचे रोखे विकले. परदेशी मदतसंस्थेने अंशतः हमी दिली. या आठांत पीण्या ज्या भागात येते ती दासरहळ्ळी नगरपालिका होती. कावेरीचे पाणी घरोघर नेणाऱ्या नळांसाठी हा पैसा होता. नागरिकांनीही आगाऊ वर्गणी भरली.

या प्रयोगाकडे पूर्वग्रह न ठेवता पाहिले पाहिजे. लहान नगरपालिकांनी एकत्र येऊन पत निर्माण केली, ही त्यातील जमेची बाजू. एकट्या दासरहळ्ळीला जे शक्य नव्हते ते आठांना शक्य झाले. परंतु जो गरीब घरमालक वर्गणी भरतो, त्याने करही भरायचा आणि पाणीपट्टीही, असा तिहेरी भार लोकांवर पडला. नळाचे जाळे पसरल्यावरही अनेक वस्त्यांना पुरेशा पाण्यासाठी कावेरी योजनेच्या पुढील टप्प्याची वाट पाहावी लागली. शहराच्या हद्दीत आलेल्या ११० खेड्यांसाठीचा पाचवा टप्पा, दररोज ७७५ दशलक्ष लिटरचा, जपानी कर्जातून पुरा होऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. शंभर किलोमीटरवरून उंचावर पाणी चढविण्यासाठी कर्ज मिळाले. पायाखालचे तलाव वाचविण्यासाठी मात्र तितक्या तत्परतेने पैसा उभा राहिला नाही.

असे का झाले? यामागे कोणाची चूक शोधण्यापेक्षा व्याजाच्या पैशाचा स्वभाव समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. कर्ज देणारा परतफेडीचा प्रवाह पाहतो. नळाला मीटर लावता येतो आणि मीटरवर बिल आकारता येते. ओढ्याला मीटर लावता येत नाही. पाणथळ जागेने पूर थोपवला, तर जे नुकसान झालेच नाही त्याचे बिल कोणाला पाठवणार? निसर्गाच्या या सेवेचा लाभ सर्वांना मिळतो, आणि नेमक्या याच कारणाने ती विकता येत नाही. म्हणून बाजाराचा पैसा तिच्याकडे आपणहून वळत नाही. वळतो तेव्हा प्रथम ती विक्रीयोग्य करून घेतो.

बंगळूरने हाही अनुभव घेतला आहे. २००४ नंतरच्या काही वर्षांत हेब्बाळ, नागवारा यांसारखे तलाव 'विकासा'साठी खाजगी कंपन्यांच्या हाती दीर्घ मुदतीच्या करारांनी देण्यात आले. तलावाच्या निगेचा खर्च कंपनीने करायचा आणि त्याबदल्यात काठावर करमणूक व खानपानाचा व्यवसाय चालवायचा. गुरे धुणारे, चारा कापणारे, मासेमारी करणारे यांना अर्थातच फाटकाबाहेर उभे राहावे लागले. पर्यावरण कार्यकर्त्यांनी जनहित याचिका केली आणि २०१२ साली उच्च न्यायालयाच्या निर्णयाने या खाजगीकरणाला खीळ बसली. हवामानाच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक नव्या वित्तयोजनेकडे पाहताना हा अनुभव विसरता कामा नये.

कर्ज मुळीच नको काय?

यावर कोणी म्हणेल की, मग नगरपालिकांनी कर्ज घेऊच नये, सारा पैसा केंद्राने आणि राज्याने अनुदान म्हणून द्यावा. ही भूमिका ऐकायला कडक वाटते, परंतु ती अपुरी आहे. शंभर वर्षे टिकणारे काम एका वर्षाच्या करातून होत नाही. त्याचा भार पुढील पिढ्यांत विभागणे यात गैर काही नाही. शिवाय अनुदानाची दोरी ज्याच्या हातात, धोरणही त्याच्याच हातात, हा अनुभव नित्याचा आहे. वित्त आयोगाचा निधी अटींअभावी किंवा निवडणुका न झाल्याने अडकून पडल्याची उदाहरणे अनेक राज्यांत घडली आहेत. ज्या नगरपालिकेला स्वतःची पत नाही, तिला स्वतःचे मतही फार काळ राहत नाही.

खरा प्रश्न कर्ज घ्यावे की नाही हा नाही. परतफेड कोण करणार आणि तारण काय ठेवणार, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. मालमत्ता कराचे उत्पन्न आधी सावकाराच्या राखीव खात्यात जाणार आणि उरलेले सफाई कामगारांच्या पगाराला मिळणार, अशी अट असेल तर तोटा कोणाच्या माथी मारला जाणार हे आधीच ठरून जाते. उलट, जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून आणि प्रदूषण करणाऱ्याच्या नफ्यातून परतफेड होणार असेल, तर तेच कर्ज जनतेच्या हिताचे साधन ठरू शकते.

हेच जमिनीच्या प्रश्नालाही लागू आहे. पीण्याच्या लगत, जलहळ्ळीला, १८९६ साली राखीव ठरविलेली ५९९ एकर वनजमीन आहे. ती पुढे हिंदुस्थान मशीन टूल्सच्या ताब्यात आली. कारखान्याची घरघर सुरू झाल्यावर तिचे काही तुकडे विकले गेले. ही जमीन वनक्षेत्रातून वगळावी असा अर्ज वनखात्याच्याच अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात केला होता. २०२४ साली राज्याच्या वनमंत्र्यांनी तो मागे घेण्याची आणि जमीन परत मिळविण्याची भूमिका घेतली, तर केंद्रीय अवजड उद्योगमंत्र्यांनी त्याला विरोध केला. एका बाजूला वन आणि दुसऱ्या बाजूला सार्वजनिक कारखाना, असे चित्र रंगविणे चुकीचे आहे. सार्वजनिक कारखाना चालावा ही मागणी कामगार चळवळीने कधीच सोडलेली नाही. परंतु कारखाना चालविण्यासाठी दिलेली जमीन तुकड्या-तुकड्याने विकली गेली, तर कारखानाही उभा राहत नाही आणि वनही उरत नाही. लाभ होतो तो फक्त घरबांधणीच्या व्यापाऱ्यांना. दाट वस्तीच्या औद्योगिक पट्ट्याला उन्हापासून आणि पुरापासून वाचविणारी ही शेकडो एकर जमीन कामगारांच्या फुप्फुसासारखी आहे. तिचे मोल बाजारभावात मांडणे हाच मोठा घोटाळा होय.

सावध राहण्याचे आणखी एक स्थान आहे. घटनेच्या २४३-थ कलमातील एका परंतुकानुसार राज्यपालांना एखादे क्षेत्र औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करता येते, म्हणजे तेथे निर्वाचित नगरपालिका असण्याची आवश्यकता राहत नाही. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत २०१३ पासून असे प्राधिकरण आहे. पीण्यासाठीही अशी मागणी उद्योजकांच्या वर्तुळातून वेळोवेळी होत आली आहे. रस्ते खराब आहेत आणि कर भरूनही सोयी मिळत नाहीत, ही लघुउद्योजकांची तक्रार निराधार नाही. परंतु त्यावरचा उपाय मतदारांना वगळणे हा नव्हे. पीण्याचा कर पीण्यातच खर्च होऊ लागला, तर वस्तीच्या वाट्याला काय येणार? पाणी तर कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही.

त्याचप्रमाणे, ओढे मोकळे करण्याच्या नावाखाली गरिबांना हुसकावून लावण्याच्या प्रवृत्तीचाही प्रतिकार केला पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्याच्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि अनेकांचे प्राण गेले. जून २०२१ मध्ये त्याच ओढ्याकाठच्या गरिबांच्या घरांवर, भर पावसाळ्यात आणि महामारीच्या काळात, यंत्रे चालविण्यात आली. ओढ्याचा गळा आवळणारी मोठी बांधकामे मात्र नकाशे मंजूर करूनच उभी राहिलेली असतात.

मागण्या कोणत्या

केरळने काही प्रमाणात दुसरी वाट दाखविली आहे. १९९६ साली सुरू झालेल्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपविण्यात आला. वायनाड जिल्ह्यातील मीनंगाडी ग्रामपंचायतीत वृक्षपेढीची योजना निघाली. राज्य सरकारने १० कोटी रुपयांची ठेव दिली आणि सहकारी बँकेमार्फत शेतकऱ्याला राखलेल्या प्रत्येक झाडामागे दरवर्षी ५० रुपये बिनव्याजी मिळू लागले. झाड तोडले तरच रक्कम परत करायची. योजना लहान आहे, पण तिच्यातील तत्त्व मोठे आहे. निसर्ग राखणाऱ्या माणसाला त्या कामाचा मोबदला सार्वजनिक पैशातून मिळाला आणि निसर्ग मात्र विक्रीला निघाला नाही. २०१० साली सुरू झालेल्या केरळच्या शहरी रोजगार हमी योजनेलाही याच संदर्भात पाहिले पाहिजे. तलावाचा गाळ काढणे, ओढ्याचे काठ राखणे ही वर्षानुवर्षे चालणारी, हातांना काम देणारी कामे आहेत.

या अनुभवांच्या आधारे पुढील मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत.

एक, महानगरपालिकांच्या निवडणुका वेळेवर झाल्याच पाहिजेत, आणि पाणी, सांडपाणी व तलाव यांचे अधिकार निर्वाचित सभागृहाला उत्तरदायी केले पाहिजेत.

दोन, वस्तू व सेवा करात नगरपालिकांचा थेट व निश्चित वाटा असला पाहिजे. उपकर आणि अधिभार वाटपाच्या कक्षेत आणले पाहिजेत. पूरनिवारणाचा निधी पूर येऊन गेल्यावर देण्याऐवजी आधी दिला पाहिजे.

तीन, रस्ता, मेट्रो अथवा वाढीव बांधकाम-परवान्यामुळे जमिनीची जी किंमत वाढते, तिचा वाजवी भाग सुधारणा आकाराच्या रूपाने नगरपालिकेकडे यावा आणि तो ओढे-तलावांसाठी स्वतंत्र खात्यात राहावा.

चार, पीण्यासारख्या क्षेत्रात छोट्या कारखान्यांना स्वतंत्र शुद्धीकरण यंत्रणा परवडत नाही, हे मान्य करून पुरेशा क्षमतेची सामायिक केंद्रे सार्वजनिक खर्चाने उभारावीत. त्यांचा चालू खर्च मात्र विसर्गाच्या प्रमाणात आणि मोठ्या खरेदीदार कंपन्यांकडूनही वसूल करावा. सुटे भाग स्वस्तात घेणाऱ्याने विषाचा भारही उचलला पाहिजे.

पाच, कर्ज घ्यायचे तर लहान संस्थांनी सामायिक निधीतून, राज्याच्या हमीवर घ्यावे. तलाव, वन वा सार्वजनिक जमीन तारण ठेवू नये. कामगारांचे पगार परतफेडीच्या आधी राखून ठेवावेत. कोणाही गरीब कुटुंबाला पर्यायी घराशिवाय हलवू नये.

सहा, या साऱ्या खर्चाचा हिशेब प्रभाग समितीसमोर ठेवावा, आणि औद्योगिक क्षेत्रातील कामगार संघटनांना तेथे प्रतिनिधित्व मिळावे.

या मागण्या एका दिवसात पदरात पडणार नाहीत. परंतु त्यांची पूर्वतयारी आज करता येते. प्रत्येक औद्योगिक वसाहतीत, मग ती पीण्याची असो, भोसरीची असो वा इचलकरंजीची, पक्षसभासदांनी आणि कामगार संघटनांच्या शाखांनी आपल्या भागातील ओढा कोठून येतो आणि कोठे जातो याची पाहणी करावी. पुरात किती पाळ्या बुडाल्या, किती मजुरी गेली, टँकरवर प्रत्येक घराचे किती पैसे खर्च झाले, याची नोंद ठेवावी. नगरपालिकेचे अंदाजपत्रक मागवून घ्यावे आणि त्यात ओढ्यासाठी किती तरतूद होती व किती खर्च झाली, हे वस्तीतील सभांत वाचून दाखवावे. कंपन्यांच्या संघटनेने एका पत्रात २२५ कोटींचा आकडा लिहिला आणि सरकारला धावपळ करावी लागली. कष्टकऱ्यांनी आपल्या नुकसानीचा आकडा अद्याप कोणाला कळविलेला नाही. तो गोळा करणे, हे या लढ्यातील पहिले काम आहे.